संग्राह्य पत्त्यांचे खेळ : डेक रचनेची ऑनलाइन साधने

संग्राह्य पत्त्यांच्या खेळात प्रत्येक खेळाडू स्वतःजवळच्या पत्त्यांतून निवड करून आपला कॅट स्वतः रचतो. अशा कॅटला ‘डेक’ असे म्हणतात. डेक रचण्यासाठी, तो तपासण्यासाठी आणि इतरांच्या डेकशी ताडून पाहण्यासाठी वापरली जाणारी संकेतस्थळे व संगणकप्रणाली म्हणजे डेक रचनेची साधने होत. पत्त्यांची शोधयंत्रे, याद्या तयार करण्याची साधने, संभाव्यतेचे गणक, स्पर्धांतील डेकचे संग्रह आणि किंमतदर्शक संकेतस्थळे हे त्यांचे मुख्य प्रकार आहेत. पत्त्यांच्या मोठ्या बाजारपेठांपासून दूर असलेल्या पुण्यासारख्या शहरातील खेळाडूला पत्ते विकत न घेताही खेळाचा अभ्यास करणे या साधनांमुळे शक्य होते.

पार्श्वभूमी

पारंपरिक पत्त्यांच्या खेळांत कॅट ठरलेला असतो. सावंतवाडी येथे तयार होणाऱ्या दशावतारी गंजिफ्यात 10 रंग आणि प्रत्येक रंगाची 12 पाने, अशी एकूण 120 पाने असतात. ती सर्व खेळाडूंना वाटली जात असल्यामुळे कौशल्य दिसते ते वाटणीनंतरच्या खेळात. गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला आणि 1993 मध्ये प्रकाशित झालेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ या बाबतीत वेगळा ठरला. त्यात खेळ सुरू होण्यापूर्वीच पत्त्यांची निवड करावी लागते आणि जय-पराजय बऱ्याच अंशी त्या निवडीवर अवलंबून असतो. पुढे ‘पोकेमॉन’, ‘यू-गी-ओह’ आणि केवळ संगणकावर खेळला जाणारा ‘हार्थस्टोन’ (2014) हे खेळही याच तत्त्वावर लोकप्रिय झाले.

रचनेचे नियम

मॅजिकच्या नेहमीच्या प्रकारांत डेकमध्ये किमान 60 पत्ते असतात आणि मूलभूत भूमीचे पत्ते वगळता एका नावाचे 4 पेक्षा अधिक पत्ते घेता येत नाहीत. ‘कमांडर’ या प्रकारात 100 पत्ते असून मूलभूत भूमी वगळता प्रत्येक पत्ता एकदाच घेता येतो. पोकेमॉनच्या डेकमध्ये नेमके 60 पत्ते लागतात. यू-गी-ओहच्या मुख्य डेकमध्ये 40 ते 60 पत्ते चालतात, तर हार्थस्टोनचा नेहमीचा डेक 30 पत्त्यांचा असतो. रचलेली यादी निवडलेल्या प्रकाराच्या नियमांत बसते की नाही, हे साधन आपोआप तपासते.

संभाव्यतेचे गणित

पिसलेल्या डेकमधून उचललेला पत्ता परत ठेवला जात नाही. त्यामुळे हाती काय येईल याचा अंदाज अतिगुणोत्तरीय वितरणाने काढतात. 60 पत्त्यांच्या डेकमधून सुरुवातीला 7 पत्ते उचलले, तर विशिष्ट पत्ता हाती येण्याची शक्यता तो एकच असल्यास सुमारे 11.7 टक्के असते. तोच पत्ता दोनदा घेतल्यास त्यांपैकी किमान एक हाती येण्याची शक्यता 22.1 टक्के, तीनदा घेतल्यास 31.5 टक्के आणि चारदा घेतल्यास 39.9 टक्के होते. म्हणजे चार पत्ते घेऊनही दहापैकी सुमारे सहा डावांत सुरुवातीला तो पत्ता हाती येत नाही.

डेक शक्यतो लहान का ठेवतात, हेही याच गणिताने कळते. यू-गी-ओहमध्ये सुरुवातीला 5 पत्ते मिळतात. 40 पत्त्यांच्या डेकमध्ये विशिष्ट पत्ता तीनदा घातला, तर किमान एक हाती येण्याची शक्यता 33.8 टक्के असते. 60 पत्त्यांच्या डेकमध्ये ती 23.3 टक्क्यांवर येते. अशी आकडेमोड करणारे गणक आणि नमुन्यादाखल पत्ते वाटून दाखवणारी सोय अनेक साधनांत असते.

प्रमुख साधने

मॅजिकच्या प्रकाशकाची ‘गॅदरर’ ही अधिकृत पत्तासूची आहे. ‘स्क्रायफॉल’ या शोधयंत्रात रंग, मूल्य, प्रकार किंवा पत्त्यावरील मजकूर यांनुसार शोध घेता येतो. ‘मॉक्सफील्ड’ आणि ‘आर्किडेक्ट’ ही याद्या रचण्याची साधने आहेत. ‘ईडीएचरेक’ हे संकेतस्थळ कमांडरच्या असंख्य याद्यांवरून कोणते पत्ते एकत्र वापरले जातात ते दाखवते. पोकेमॉनसाठी ‘लिमिटलेस’ आणि यू-गी-ओहसाठी ‘वायजीओप्रोडेक’ वापरले जाते.

पुण्यातून वापर

या साधनांवरील किमती बहुधा अमेरिकेतील ‘टीसीजीप्लेयर’ किंवा युरोपातील ‘कार्डमार्केट’ या बाजारपेठांच्या असतात. पुण्यातील खेळाडूने तेथून सुटा पत्ता मागवल्यास टपालखर्च व सीमाशुल्क वाढू शकते आणि स्वस्त दिसणारा डेक महाग पडतो. वेळेचीही अडचण असते. हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या सायंकाळी 6 वाजता सुरू होणारी ऑनलाइन स्पर्धा पुण्यात दुसऱ्या दिवशी पहाटे 4.30 वाजता सुरू होते. पत्ते मागवण्याचा प्रश्न ‘मॅजिक : द गॅदरिंग अरेना’सारख्या डिजिटल खेळांत उरत नाही, इतरत्र रचलेली यादी मजकुराच्या रूपात त्यात उतरवता येते.

भाषेचा अडसर मात्र राहतो. मॅजिकचे पत्ते नियमितपणे भारतीय भाषांत निघत नाहीत. 2001 मधील ‘अपोकॅलिप्स’ संचाच्या पूर्वप्रकाशनासाठी काढलेला ‘फंगल शॅम्बलर’ हा संस्कृतातील पत्ता त्याला अपवाद आहे.

मर्यादा

विजेत्यांच्या याद्या सहज मिळत असल्यामुळे अनेक जण त्या जशाच्या तशा वापरतात. याला ‘नेटडेकिंग’ म्हणतात. त्यामुळे नवोदिताला लवकर बरोबरी साधता येते. परंतु प्रत्येक पत्ता का निवडला हे त्याला यादीतून कळत नाही. शिवाय लोकप्रिय पत्ता उपयुक्त असेलच असे नाही.

अनेक साधने कंपन्यांऐवजी खेळाडूंनी उभारली आहेत. ‘अँड्रॉइड : नेटरनर’ या खेळाचे प्रकाशन 2018 मध्ये थांबले. या खेळात पत्त्यांचे ठरावीक संच विकले जात असले, तरी डेक खेळाडूच रचत असे. प्रकाशन थांबल्यावर चाहत्यांच्या संघटनेने नवे पत्ते काढणे सुरू ठेवले आणि ‘नेटरनरडीबी’ या चाहत्यांच्याच संकेतस्थळावर याद्या उपलब्ध राहिल्या. मूळ प्रकाशकाने साथ सोडल्यावरही सामायिक माहितीच्या आधारे खेळ टिकू शकतो, हे या उदाहरणातून दिसते.