नव्या शिकारी रायफलीचे काडतूस : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने हौशी शिकारीचा जमाना संपविला आणि ते उचितच झाले; परंतु अमेरिकेत हरिणाची शिकार हा आजही राज्याराज्यांच्या वन्यजीव खात्यांनी परवाने, हंगाम आणि मर्यादा ठरवून चालू ठेवलेला रीतसर व्यवहार असून, तेथे पहिल्यांदाच रायफल विकत घेणारा मनुष्य कारखान्यात भरलेल्या काडतुसांच्या डब्यांपुढे उभा राहिला, की दुकानदार, शेजारी आणि जाहिराती त्याच्या पदरात जे ज्ञान घालतात, त्यातले बरेचसे पारखून घ्यावे लागते. ही पारख मला महत्त्वाची वाटते, कारण चुकीच्या निवडीचे फळ बहुधा निवड करणाराला नव्हे, तर मुक्या प्राण्याला भोगावे लागते.

सर्वांत धोक्याचा समज असा, की गोळीचा व्यास जुळला म्हणजे काडतूस जुळले. १९०६ चे '३०-०६ स्प्रिंगफील्ड' आणि १९५२ चे '३०८ विंचेस्टर' या दोहोंची गोळी ०.३०८ इंच व्यासाचीच. पण पहिल्याची पुंगळी सुमारे ६३ मिलिमीटर लांब, तर दुसऱ्याची ५१, आणि एकाचे काडतूस दुसऱ्याच्या रायफलीत घालणे सर्वथा निषिद्ध. '३०० ब्लॅकआउट'चे काडतूस तर '२२३ रेमिंग्टन'च्या रायफलीत शिरूही शकते, आणि मग अरुंद नळीच्या तोंडाशी अडलेल्या जाड गोळीमागे दाब इतका साठतो की रायफलच फुटते. १९२६ पासून अमेरिकेतील उत्पादकांची 'सॅमी' ही संस्था काडतुसांची मापे आणि दाबाची कमाल मर्यादा मुक्रर करीत आली आहे. तेव्हा नळीवर कोरलेले नाव, डब्यावरचे नाव आणि पुंगळीच्या बुडावरचा छाप ही तिन्ही जुळल्याखेरीज बार काढू नये.

दुसरा समज सामर्थ्याविषयीचा. जितके काडतूस दांडगे तितके सावज जागच्या जागी आडवे होते, असे मानणारे न्यूटनचा तिसरा नियम विसरतात. कारण जी गोळी हरिणाला उडवून पाडील ती बार काढणारालाही उडवून पाडील. ३०-०६ ची १८० ग्रेनची, म्हणजे सुमारे पावणेबारा ग्रॅमची गोळी सेकंदाला २७०० फूट वेगाने निघते. ती सत्तर किलोच्या हरिणाच्या देहात पूर्णपणे रुतून राहिली, तरी त्या देहाला सेकंदाला जेमतेम चौदा सेंटिमीटर एवढाच वेग येतो. प्राणी पडतो तो हृदय वा फुप्फुसे निकामी होऊन रक्तदाब कोसळल्यामुळे, किंवा मेंदू अगर पाठीचा कणा भेदला गेल्यामुळे; आणि त्यासाठी अचूकता लागते. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या १९२६ साली जिम कॉर्बेटने मारला, तो '२७५ रिग्बी' या रायफलीने, जिचे काडतूस म्हणजे बेताच्या ताकदीचे सात मिलिमीटर माउझर होय. पांढऱ्या शेपटीच्या हरिणाला १९५५ चे '२४३ विंचेस्टर' सुद्धा योग्य गोळीनिशी पुरते. उलट '३०० विंचेस्टर मॅग्नम'सारख्या काडतुसाच्या धक्क्याने नवखा मनुष्य चाप ओढण्यापूर्वीच खांदा चोरू लागतो, आणि नेम सुटलेली गोळी पोटात लागून हरीण तासन्‌तास तडफडते.

खरा विचार करावयाचा तो गोळीच्या घडणीचा, आणि नेमका तोच कमी होतो. संपूर्ण धातूच्या वेष्टनातली गोळी स्वस्त असते. पण ती देहात न पसरता अरुंद छिद्र करून निघून जाते, म्हणून अनेक राज्यांत हरिणाच्या शिकारीस तिची मनाई आहे. स्पर्धेच्या गोळीच्या टोकास असलेले छिद्र पाहून ती पसरणारी असावी असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ते छिद्र तिच्या निर्मितीच्या पद्धतीमुळे राहिलेले असते आणि तिची योजना कागदावरील अचूकतेसाठी असते. जॉन नॉस्लर या शिकाऱ्याची हकिकत येथे उद्बोधक आहे. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात मूस जातीच्या एका प्रचंड हरिणावर त्याने '३०० एच अँड एच मॅग्नम' या जबर काडतुसाने गोळ्या झाडल्या. पण सामर्थ्य भरपूर असूनही त्या खोल न शिरता वरवरच फुटल्या. त्यावर विचार करून त्याने शिशाच्या दोन गाभ्यांमध्ये धातूची भिंत ठेवणारी 'पार्टिशन' गोळी सिद्ध केली, जिचा पुढचा भाग पसरतो आणि मागचा अभंग राहून आत जातो. १९४८ पासून ती विक्रीस आली. पुढे शिसे वेष्टनाला सांधलेल्या गोळ्या आल्या, आणि १९८९ मध्ये बार्न्स कंपनीची निखळ तांब्याची गोळी आली.

तांब्याची गोळी ही केवळ सरकारी सक्तीपोटी घ्यावयाची दुय्यम चीज, हा समज आता टाकून द्यावा. शिशाच्या गोळीचे सूक्ष्म कण सावजाच्या आतड्यांत राहतात आणि ती खाणारे पक्षी विषबाधेने मरतात. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील कॉन्डोर या महागृध्राचे अवघे २७ पक्षी उरले होते आणि त्या सर्वांना बंदिवासात ठेवून ती जात वाचवावी लागली, पण मोकळे सोडलेले पक्षीही शिशाने मरतच राहिले. १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात शिकारीसाठी शिशाच्या दारूगोळ्यास पूर्ण बंदी आहे, आणि मला ती सर्वथा न्याय्य वाटते. मात्र तांबे शिशाहून हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि गोळी स्थिर राहणे हे नळीतील आट्यांच्या पिळाशी तिच्या लांबीचे जुळते की नाही यावर अवलंबून असते. १८७९ साली ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिलने यासाठी मांडलेल्या सूत्रातही मुख्य राशी लांबीची आहे, वजनाची नव्हे. मंद पिळाच्या नळीत म्हणून तांब्याची किंचित हलकी गोळी घ्यावी.

गोळीचा वेग आणि मार्ग यांविषयीचेही काही समज तपासून घ्यावेत. डब्यावर छापलेला वेग बहुधा चोवीस इंची नळीतला असतो. वीस इंची नळीत तो कमी भरतो. जड गोळी झुडपांतून सरळ जाते, हेही खरे नाही. फांदीला लागून कोणतीही गोळी वाकडी होते. गोळी नळीतून निघताच वर चढते असे दिसते, कारण दृष्टिरेषेच्या मानाने नळीच किंचित वर रोखलेली असते. २०० यार्डांवर नेम बसविलेल्या '३०८' ची १५० ग्रेनची गोळी ३०० यार्डांवर आठ-नऊ इंच खाली येते.

राहिला किमतीचा प्रश्न. महागडे काडतूस प्रत्येक रायफलीत अधिक अचूक असतेच असे नाही, कारण बार निघताना प्रत्येक नळी आपल्या परीने कंप पावते आणि एकाच कारखान्याच्या दोन नळ्यांची आवड भिन्न निघू शकते. तीन गोळ्या जवळ पडल्या म्हणून निर्णय घेऊ नये. तो योगायोग असू शकतो, दहा गोळ्यांचा समूह अधिक विश्वसनीय. हरिणासाठी '३०८' किंवा '३०-०६' घेतली असेल, तर १५० ग्रेनच्या सुमाराची सांधलेली वा तांब्याची गोळी असलेली दोन-तीन काडतुसे कागदावर पारखावीत, जे सरस ठरेल त्याचे एकाच उत्पादन-क्रमांकाचे चार-पाच डबे एकदम घ्यावेत, त्याच काडतुसाने दुर्बिणीचा नेम नव्याने बसवावा, आणि मॅग्नमवर खर्चिला जाणारा पैसा हंगामापूर्वीच्या सरावाकडे वळवावा.