प्रादेशिक विमानतळांवरील नवे विमानमार्ग : महाराष्ट्रातील अनुभवाच्या आधारे एक विवेचन

दिनांक २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला–दिल्ली, कडप्पा–हैदराबाद आणि नांदेड–हैदराबाद ह्या तीन मार्गांवरील विमानसेवांचा आरंभ करण्यात आला. केंद्र सरकारच्या प्रादेशिक हवाई संपर्क योजनेतील, म्हणजेच ‘उडान’ या नावाने सर्वश्रुत झालेल्या योजनेतील, ह्या पहिल्या सेवा होत. तेव्हापासून महाराष्ट्रातील बहुतेक प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणाहून नव्या विमानमार्गाची मागणी होत आली आहे. ही मागणी स्वाभाविक आहे. ज्या गावी विमान उतरते त्या गावाकडे उद्योजक वळतो, रोग्यास मोठ्या शहरातील उपचार वेळेवर मिळतात आणि दूर गेलेला मुलगा सणासुदीला घरी येऊ शकतो, अशी लोकांची धारणा आहे व ती सर्वस्वी निराधार नाही. परंतु मागणी असणे आणि मार्ग टिकणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. नवा विमानमार्ग कोणत्या कारणांनी टिकतो व कोणत्या कारणांनी बंद पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. पूर्वपीठिका

लहान शहरांना विमानाने जोडण्याचा प्रयत्न भारतात नवा नाही. १९५३ च्या कायद्याने विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे आली. आणि केवळ दुय्यम मार्गांसाठी म्हणून १९८१ मध्ये ‘वायुदूत’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. लहान विमाने व लहान विमानतळ हे तिचे क्षेत्र होते. आर्थिक दृष्ट्या ती स्वतःच्या पायावर उभी राहू शकली नाही व १९९३ मध्ये तिचे इंडियन एअरलाइन्समध्ये विलीनीकरण करण्यात आले. १९९४ मध्ये खाजगी कंपन्यांना क्षेत्र मोकळे झाले, तेव्हा सरकारने मार्गविभाजनाचे नियम केले. मुंबई–दिल्ली यांसारख्या लाभदायक मार्गांवर विमाने चालविणाऱ्या कंपनीने आपल्या क्षमतेचा ठराविक अंश ईशान्य भारत, काश्मीर, अंदमान आदी दुर्गम भागांत व इतर मार्गांवर वापरलाच पाहिजे, असे बंधन त्यांत होते. एका मार्गावरील नफ्यातून दुसऱ्या मार्गावरील तोटा भरून काढावयाचा, हे त्यामागील तत्त्व होय.

‘उडान’ योजनेत हेच तत्त्व निराळ्या रीतीने आले. मुख्य मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवून एक निधी उभारावयाचा, त्यात राज्याने सामान्यतः २० टक्के वाटा उचलावयाचा, आणि त्यातून प्रादेशिक मार्गावरील कंपनीची तूट तीन वर्षांपर्यंत भरून द्यावयाची, अशी ही व्यवस्था आहे. त्या बदल्यात कंपनीने सुमारे अर्धी आसने मर्यादित भाड्यात द्यावयाची असतात. आरंभी सुमारे एक तासाच्या प्रवासास ही मर्यादा २,५०० रुपये होती. तीन वर्षे त्या मार्गावर इतर कंपनीची स्पर्धा राहत नाही. चौथ्या वर्षी मार्गाने स्वतःच्या उत्पन्नावर चालावे, अशी अपेक्षा आहे.

ही अपेक्षा कितपत फलद्रूप झाली, याचे उत्तर भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२३ मधील अहवालात सापडते. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग मंजूर झाले; त्यांपैकी ४०३ मार्गांवर, म्हणजे ५२ टक्क्यांवर, विमान एकदाही उडाले नाही. जे ३७१ मार्ग सुरू झाले त्यांपैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांचा काळ पुरा केला. आणि अनुदान संपल्यानंतरही मार्च २०२३ मध्ये चालू असलेले मार्ग अवघे ५४, म्हणजे मंजूर मार्गांच्या ७ टक्के होते. मध्यंतरी कोरोनाच्या साथीने विमानवाहतूक ठप्प झाली होती, हे लक्षात घेतले तरी सर्व दोष साथीवर टाकता येणार नाही. मार्गांची निवड करतानाच काही कसोट्या दुर्लक्षित राहिल्या, असे म्हणणे भाग आहे.

२. पहिली कसोटी : एकूण प्रवासकाळ

विमानाचा वेग हा फसवा असतो. प्रवाशास महत्त्व असते ते घरापासून इच्छित स्थळापर्यंत लागणाऱ्या एकूण काळाचे. नाशिक–मुंबई हे रस्त्याचे अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे. ओझरचा विमानतळ गाठणे, तेथे तासभर आधी पोहोचणे, तपासणी, उड्डाण आणि मुंबईच्या विमानतळावरून शहरात जाणे यांची बेरीज केली, तर मोटारीच्या तुलनेत वाचणारा वेळ नगण्य ठरतो. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कन या कंपनीने सुमारे १८ आसनांच्या विमानांनी नाशिक व जळगाव ही शहरे मुंबईशी जोडण्यास प्रारंभ केला. परंतु ही सेवा नियमितपणे कधीच रुळली नाही आणि २०२० मध्ये कंपनीचे कामकाजच थांबले. याउलट नाशिक–दिल्ली हा मार्ग पाहावा. जून २०१८ मध्ये जेट एअरवेज या कंपनीने तो सुरू केला. एप्रिल २०१९ मध्ये ती कंपनी बंद पडली. तथापि पुढे इतर कंपन्यांनी तो मार्ग पुन्हा हाती घेतला. कंपनी बुडाली तरी मार्गाची गरज बुडाली नाही. विमानतळ एकच, शहर एकच. फरक केवळ अंतराचा.

ह्याच दृष्टीने कोल्हापूर–नागपूर या जोडीचा विचार करता येईल. राज्याच्या दोन टोकांना असलेल्या ह्या शहरांमधील रेल्वेप्रवासास महाराष्ट्र एक्सप्रेसने जवळजवळ एक अहोरात्र लागते. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरास भरते, विद्यापीठे व न्यायालये यांच्या कामानिमित्तही दोन्ही प्रदेशांत येजा असते. येथे विमानाने वाचणारा काळ दोन-तीन तासांचा नसून संपूर्ण दिवसाचा आहे. मुंबई हाच प्रत्येक मार्गाचा शेवट असला पाहिजे, हा समज सोडल्यास असे अनेक आडवे मार्ग दृष्टीस पडतात.

३. दुसरी कसोटी : प्रवाशांचे उगमस्थान

मार्गाची मागणी मोजताना शहराची लोकसंख्या व त्यांतील अंतर यांवरून अंदाज बांधण्याची पद्धत आहे. दोन शहरे जितकी मोठी तितकी त्यांतील येजा अधिक, आणि अंतर जितके जास्त तितकी ती कमी, असे हे सूत्र होय. ते उपयुक्त आहे. परंतु ते श्रद्धा, व्यापार व नातेसंबंध मोजीत नाही. नांदेडची लोकसंख्या पाहून तेथून अमृतसरला विमान सोडावे, असे कोणी सुचविले नसते. तथापि शिखांचे दहावे गुरू श्रीगोविंदसिंग यांचे निर्वाण नांदेड येथे झाले आणि हुजूर साहिब हे पाच तख्तांपैकी एक होय. अमृतसर–नांदेड सचखंड एक्सप्रेसला तीस तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये एअर इंडियाने ह्या दोन शहरांमध्ये थेट सेवा सुरू केली, तेव्हा तिचा प्रवासी नांदेडपेक्षा पंजाबातच अधिक होता. कोल्हापूर–तिरुपती ही २०१९ मधील सेवाही ह्याच जातीची. तिरुपतीच्या दर्शनानंतर कोल्हापूरच्या अंबाबाईचे दर्शन घेण्याची परंपरा तिच्या पाठीशी होती. तेव्हा नव्या मार्गाचा प्रस्ताव तयार करताना ‘आमच्या गावातून कोण जाईल’ एवढेच विचारून भागत नाही. ‘आमच्या गावी कोण येईल’ हेही विचारावे लागते.

४. तिसरी कसोटी : दुसऱ्या टोकावरील जागा

विमानमार्गास दोन टोके असतात, ही गोष्ट उघड असूनही वारंवार विसरली जाते. मुंबईच्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या परस्परांना छेदतात. त्यामुळे एका वेळी वस्तुतः एकीचाच उपयोग होतो. तेथे उड्डाण व अवतरण यांसाठी नेमून दिलेली वेळ, म्हणजे ‘स्लॉट’, ही अतिशय दुर्मिळ वस्तू झाली. १८० आसनांच्या विमानास जितका वेळ धावपट्टी लागते, जवळजवळ तितकाच वेळ १८ आसनांच्या विमानासही लागतो. साहजिकच लहान विमानाच्या वाट्यास गैरसोयीच्या वेळा येतात. ज्या विमानाने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येत नाही, त्याचा व्यापाऱ्यास व रोग्यास उपयोग थोडा. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले व डिसेंबरात तेथून वाहतूक सुरू झाली. त्यामुळे ही कोंडी काही अंशी फुटण्याची शक्यता आहे. मात्र तेथील सकाळ-संध्याकाळच्या काही वेळा प्रादेशिक मार्गांसाठी आरंभीच राखून ठेवल्या नाहीत, तर मोठे मार्ग त्या व्यापून टाकतील, हे मुंबईच्या अनुभवावरून सांगता येते.

५. चौथी कसोटी : फेऱ्यांची संख्या व विमानाचा आकार

एक साधे गणित येथे उद्बोधक ठरेल. समजा, दोन शहरांमध्ये एका दिशेने दररोज ४० जण विमानाने जावयास सिद्ध आहेत; म्हणजे आठवड्यास २८०. सत्तर आसनांचे विमान आठवड्यातून चार दिवस सोडल्यास आसनेही २८० होतात, आणि विमान पूर्ण भरेल असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात ज्यास मंगळवारी जावयाचे आहे तो बुधवारपर्यंत थांबत नाही. तो सोमवारी रात्रीची गाडी धरतो. त्यामुळे विमान अर्धवट भरते. कंपनी तोटा टाळण्यासाठी फेऱ्या आणखी कमी करते, फेऱ्या कमी झाल्याने आणखी प्रवासी गळतात, आणि हे चक्र मार्ग बंद होईपर्यंत चालते. उलट तेच विमान दररोज सोडल्यास आसने ४९० होतात व सर्व २८० प्रवासी मिळूनही भरणा ५७ टक्क्यांवरच राहतो. विमान लहान करावे तर दर आसनामागील खर्च वाढतो. कारण आसने १८ असोत की ७०, वैमानिक दोनच लागतात. विरळ मार्गाची खरी अडचण ही आहे. म्हणूनच अनुदान द्यावयाचे ते रिकाम्या आसनांसाठी न देता दररोजच्या निश्चित फेरीसाठी दिले, तर प्रवाशांना सवय लागण्यास अवधी मिळतो.

६. धावपट्टी : आवश्यक, परंतु अपुरी

स्थानिक चर्चेत सर्वाधिक भर असतो तो धावपट्टीच्या लांबीवर. ती अगदी तोकडी असल्यास विमान उतरणारच नाही, हे खरे. एटीआर-७२ या पंख्यांच्या विमानास समुद्रसपाटीवर सुमारे १,३०० मीटर धावपट्टी पुरते, तर मोठ्या जेट विमानास २,००० मीटरहून अधिक लागते. उष्ण हवेत व पठारावर ही गरज वाढते. धावपट्टीच्या टोकांकडील आकाशही मोकळे असावे लागते. सोलापूर येथे विमानाच्या मार्गात येणारी श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी दीर्घ वादानंतर १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. सोलापूरहून गोव्यास विमान सुरू झाले ते जून २०२५ मध्ये. कारखान्याचे सभासद असलेल्या ऊस-उत्पादकांनी शहराच्या विमानसेवेसाठी मोजलेली ही किंमत होय; ती सेवा टिकण्यावरच तिचे सार्थक अवलंबून आहे.

परंतु लांब धावपट्टी म्हणजे टिकाऊ मार्ग नव्हे, हे सिंधुदुर्गाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. चिपी येथील धावपट्टी २,५०० मीटर लांब आहे. तेथील विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले आणि उडान योजनेखाली मुंबईची सेवा सुरू झाली. पुढे जानेवारी २०२३ मध्ये सीमेपलीकडे गोव्यातील मोपा येथे नवा विमानतळ कार्यान्वित झाला. तेथून अनेक शहरांस, दिवसातून अनेक वेळा विमाने सुटू लागली. सावंतवाडीच्या प्रवाशास मोपा हाताशी आल्यावर चिपीची तुरळक सेवा मागे पडणे क्रमप्राप्त होते. तीन वर्षांची मुदत संपताच २०२४ मध्ये मुंबईची ती सेवा थांबली.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की, अनुदानाने मार्ग सुरू करता येतो, टिकविता येत नाही. जेथे एकूण प्रवासकाळात निदान अर्ध्या दिवसाची बचत होते, प्रवासी दोन्ही टोकांकडून मिळतात, दुसऱ्या टोकावर सोयीची वेळ मिळते आणि दररोजची फेरी शक्य असते, तेथेच तीन वर्षांनंतर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहण्याचा संभव असतो. चारांपैकी एखादी कसोटी उणी असल्यास ती दूर करण्याची योजना प्रस्तावातच असावी. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे जोडण्याचा संकल्प जाहीर झाला आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीहून मुंबईस विमान सुरू झाले. इतर शहरेही रांगेत आहेत. ह्या प्रत्येक ठिकाणी शेतकऱ्याची जमीन, राज्याचा पैसा आणि मुख्य मार्गांवरील प्रवाशाच्या तिकिटातील अंश गुंतलेला असतो. सुरू होऊन बंद पडलेली सेवा ही न झालेल्या सेवेपेक्षा अधिक हानिकारक होय. तिच्या भरवशावर कोणी व्यवसाय थाटलेला असतो, कोणी उपचारांची आखणी केलेली असते. आणि एकदा भंगलेला विश्वास दुसरे विमान उतरल्यानेही सहसा परत येत नाही. यास्तव किती मार्ग मंजूर झाले यापेक्षा किती मार्ग चौथ्या वर्षी चालू आहेत, हेच प्रादेशिक विमानवाहतुकीच्या यशाचे माप मानणे युक्त ठरेल.