मांजराला फिरायला नेताना

- हार्नेस की गळपट्टा? दोरी नेहमी हार्नेसला बांधावी. मांजराचं गळ्याचं हाड इतर हाडांना घट्ट जोडलेलं नसतं. त्यामुळे डोकं निघालं की अंगही निसटतं. गळपट्ट्याला हिसका बसल्यास मानेला इजा होते.
- प्रकार : पट्ट्यांचा आणि जाकिटासारखा. पट्टा आणि अंग यांच्यात एक-दोन बोटं जावीत, जास्त नाही.
- दोरी : हलकी, दीड ते दोन मीटर.
- क्रम : हार्नेस काही दिवस जेवणाच्या ताटलीजवळ ठेवा. मग घरातच दोन-तीन मिनिटं घाला, लगेच खाऊ द्या. नंतर दोरी जोडा. शेवटी शांत वेळी बाहेर न्या.
- पहिली प्रतिक्रिया : मांजर पोट जमिनीला टेकवून थिजतं किंवा कुशीवर आडवं होतं. हे सर्रास घडतं. ओढू नये.
- भीतीच्या खुणा : मागे चपटे झालेले कान, विस्फारलेल्या बाहुल्या, पोटाखाली घेतलेली शेपटी. लगेच घरी परतावं.
- कुत्र्याहून वेगळं : कुत्रा माणसासोबत चालतो. मांजर हुंगत, थांबत जातं. माणसाने मागे राहायचं.
- आधी लस : रेबीजची लस साधारण 3 महिन्यांच्या वयात. जंतनाशकही द्यावं.
- धोका : कुत्र्यांच्या गोचीडनाशक औषधांतलं परमेथ्रिन मांजरासाठी जीवघेणं विष आहे.
- सोबत हवं : मांजराची पेटी. कुत्रा दिसला की मांजराला लपायला जागा मिळते.