एक मे म्हणजे फक्त १९६०?

उद्या सकाळी तुमच्या स्टेटसवर काय असणार, ते मी आत्ताच सांगते. भगवं बॅकग्राउंड, महाराष्ट्राचा नकाशा आणि ‘जय महाराष्ट्र’. माझंही दरवर्षी तेच असतं! यंदा मात्र एक मेचं दिनविशेष काढायला बसले आणि वेगळ्याच सालावर अडकले.

१९६० तर आपल्याला पाठ आहे. द्विभाषिक मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात असे दोन भाग झाले, यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री झाले. त्याआधीच्या लढ्यात शंभरावर माणसं गेली, हुतात्मा चौक त्यांचाच. तेव्हा जिल्हे २६ होते, आज ३६ आहेत. त्यातले सिंधुदुर्ग आणि जालना १ मे १९८१चे, तर हिंगोली आणि गोंदिया १ मे १९९९चे. हिंगोलीकरांनो, तुमचा जिल्हा तुमच्या ताई-दादाच्या वयाचा आहे, माहितीये?

मी अडकले ती १९४७ वर. त्या वर्षी १ मेला साने गुरुजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. हो, ‘श्यामची आई’वाले गुरुजीच. मागणी एकच, विठ्ठलाचं मंदिर दलितांसाठी उघडा. त्याआधी ते महाराष्ट्रभर याच मागणीसाठी फिरले होते, सभा घेत होते. स्वातंत्र्य साडेतीन महिन्यांवर आलेलं, आणि आपल्याच विठोबाच्या पायाशी जायला काही लोकांना बंदी! जवळपास दहा दिवस उपोषण चाललं. मंदिर खुलं करण्याचं आश्वासन मिळालं, तेव्हाच ते सुटलं.

यातलं मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. संत चोखामेळ्याची समाधी मंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. म्हणजे बाहेर. ज्याचे अभंग वारीत गातात, तो सहाशे वर्षं दाराबाहेर आणि त्याच्या जातीची माणसंही. आपण शाळेत ‘श्यामची आई’ वाचताना रडलो, पण हे उपोषण मला तरी कुणी शिकवलं नव्हतं. तुम्हाला?

आषाढीला पंढरपूरला गेलात, तर दर्शनाच्या रांगेत शिरण्याआधी चोखोबांच्या समाधीपाशी दोन मिनिटं थांबा. घरात सत्तरी-ऐंशीतले आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या लहानपणी गावच्या देवळात कोण कुठपर्यंत जायचं, तेही विचारा. मी विचारलं. आजी बराच वेळ गप्प होती.