लहानशा दाढेची साक्ष

आमच्या दुसरबीडच्या विहिरींत डोकावून पाहिलें असतां मातीमुरमाखालीं काळा पाषाण दिसतो. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दख्खनवर जो लाव्हारस पसरला, तोच थिजून हा पाषाण झाला आहे. तो एकदम न येतां थरावर थर असा आला. दोन लोंढ्यांच्या मधल्या काळांत तळीं सांचत, झाडें उगवत, प्राणी नांदत. पुढें त्यांवर पुन्हा लाव्हा येई. नागपूरचे मिशनरी रे. स्टीफन हिस्लॉप यांनीं तिकडील अशा मधल्या गाळांतून शंख, फळें व बिया यांचे अवशेष जमविले, व रे. रॉबर्ट हंटर यांच्यासह १८५५ सालीं त्यांची हकीकत छापली.

अशाच एका गाळांत, तेलंगणांतील नस्कल गांवीं, जी. व्ही. आर. प्रसाद व अशोक साहनी यांना डायनोसॉरांच्या काळांतील एका सस्तन प्राण्याचे दांत सांपडले. १९८८ सालीं त्यांनीं त्यास ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी’ असें नांव दिलें. दाढ केवढी? ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्याहूनहि लहान! गाळ भिजवून बारीक चाळणींत धुवावा, व उरलेला कण न् कण सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा, तेव्हां अशी दाढ हातीं लागते.

ती सस्तनाची, मगरीच्या पिलाची नव्हे, हें कसें ओळखावें? मगरीचे दांत एकमुळी असून जन्मभर पडतात व पुन्हा येतात. म्हणून वरच्याचा खालच्याशीं नेमका मेळ बसत नाहीं. सस्तनाच्या दाढांना अनेक मुळें व माथ्यावर अनेक उंचवटे असतात. या प्राण्याच्या वरच्या दाढेचा आंतला उंचवटा खालच्या दाढेच्या खळग्यांत, खलांत बत्ता बसावा तसा बसे. कडा अडकित्त्याप्रमाणें एकमेकींवरून घांसत. उंचवटे टोकदार, म्हणून तो किडे फोडून खात असावा. दाढ इतकी लहान, म्हणून तो चिचुंद्रीहून लहान असावा. मांजराची व शेळीची दाढ शेजारीं शेजारीं ठेवून पाहिली म्हणजे ही रीत विद्यार्थ्यांस उमजेल.

‘असावा’ हा शब्द आम्हीं जाणून वापरला आहे. २०१० सालीं हातापायांच्या हाडांवरून संशोधकांनीं या प्राण्याचें नातें माकडें ज्यांत मोडतात त्या कुळाशीं जुळविलें. २०११ सालीं त्यांतील कित्येकांनींच अनेक प्राण्यांचे दांत व हाडें ताडून पाहिलीं, आणि त्यास तेथून काढून, वारेनें पिलूं पोसणारीं आजचीं कुळें फुटण्यापूर्वींच्या एका जुन्या फांदीवर बसविलें. तो झाडांवर चढे, याविषयीं मात्र दोन्ही वेळां एकमत होतें. तें दाढेनें सांगितलेलें नव्हे. तें हातापायांच्या हाडांनीं सांगितलें.