मशीन बिघडलं, की पाणीच आलं नाही?



आज आम्ही भांडी धुण्याच्या मशीनबद्दल बोलणार आहोत, म्हणजे डिशवॉशरबद्दल. तुमच्यातली एखादी म्हणेल, आमच्याकडे मोरीत घासणी आणि राख, मशीन कुठलं आलं! खरं आहे. पण आसनगाव, वासिंद, टिटवाळ्याहून पहाटेची लोकल पकडून मुलुंड-घाटकोपरला घरकामाला येणाऱ्या बाया तुमच्याच गावच्या आहेत. कुणाची मुलगी अंधेरीला कामाला आहे, कुणाची भावजय बोरिवलीला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कामवाल्या बायांना सोसायटीच्या गेटच्या आत येता येईना, तेव्हा पुष्कळ घरांनी हे मशीन घेतलं. पुढे बाया परत आल्या आणि मशीनही राहिलं. आता ते भरायचं, लावायचं आणि रिकामं करायचं काम बाईकडेच आलं. आणि ते बंद पडलं की बोटही बाईकडेच जातं.

आमच्या मुलुंडच्या बचत गटातल्या एका ताईंचं असंच झालं. सात मजली इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचं काम. एके दिवशी दुपारी त्यांनी भांडी लावली, पावडर घातली, बटण दाबलं. मशीन थोडं घरघरलं, मग टिंग टिंग वाजलं आणि समोर नळाचं चिन्ह लागून बसलं. आत पावडर कोरडीच. मॅडम म्हणाल्या, "तूच काहीतरी भलतं दाबलंस. मेकॅनिकचे पैसे तुझ्या पगारातून कापीन." ताई गटाच्या बैठकीत आल्या त्या रडतच. महिन्याची बचत भरायची होती, हप्ता होता, आणि वर हे. आपल्या राज्यात 2008 च्या कायद्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ झालं, आमच्या बऱ्याच जणींची नोंदणी आहे. पण मशीन कुणामुळे थांबलं हे ठरवायला मंडळ काही घरी येत नाही. ते आपल्यालाच समजून घ्यावं लागतं. म्हणून आम्ही ते समजून घेतलं. आमच्या ओळखीचा एक प्लंबर दादा आहे, त्याच्या डोक्याशी बसलो, दोन-तीन घरांत मालकिणींच्या परवानगीने मशीनचं पुस्तक वाचलं.

आधी हे मशीन करतं काय ते सांगतो. आपण बाहेरून बघतो तेव्हा वाटतं, आत धो धो पाणी वाहत असेल. तसं नाही. मशीन नळातून तीन-चार लिटर पाणी घेतं, तळाशी साठवतं, ते तापवतं आणि पंपाने उडवून उडवून तेच पाणी भांड्यांवर मारत राहतं. मग घाण पाणी सोडून देतं आणि पुन्हा थोडं घेतं. सगळं मिळून साधारण दहा-बारा लिटर, म्हणजे एक बादली. पाणी आत सोडायला एक विजेवर उघडणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की मशीन काही मिनिटं वाट बघतं. तेवढ्यात हवं तेवढं पाणी आलं नाही, तर ते थांबतं आणि चिन्ह दाखवतं. म्हणजे त्या चिन्हाचा पहिला अर्थ "मी बिघडलो" असा नसतो, "मला पाणी मिळालं नाही" असा असतो. हे एवढं कळलं तरी अर्धं भांडण मिटतं.

जाता जाता एक गंमत. हे मशीन चालीला आणलं ते एका बाईनेच. अमेरिकेतल्या जोसेफिन कोक्रेन यांनी 1886 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यांच्याबद्दल असं सांगतात, की घरातले नोकर महागड्या बशा धुताना टवके पाडतात, म्हणून त्या वैतागल्या होत्या. पुढे नवरा वारला, डोक्यावर कर्ज राहिलं आणि त्यांनी हाच धंदा केला. ब्रशने घासायचं नाही, पाण्याच्या जोराने धुवायचं, ही त्यांची युक्ती. म्हणजे या मशीनचा जन्मच "बाई भांडी फोडते" या तक्रारीतून झाला. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ गेला, तक्रार तीच!

तर आता पाणी आलं नाही म्हणजे कुठे अडलं? आम्ही मशीनपासून उलटं चालत जायला शिकलो. मशीन, मग पाइप, मग कॉक, मग वरची टाकी. गावात शेताला पाणी पोहोचलं नाही की आपण पाटाच्या कडेने वर वर बघत जातो, तसंच.

सुरुवात मशीनच्या दारापासून. कढईचा दांडा किंवा झारा बाहेर आलेला असला तर दार नीट लागत नाही आणि मशीन सुरूच होत नाही. कधी कुणीतरी "दोन तासांनी सुरू हो" असं बटण दाबून ठेवलेलं असतं. मशीन शहाण्यासारखं वाट बघत असतं आणि आपण घाबरतो. हे बघायला मिनिटही लागत नाही.

मग सिंकखालचा कॉक. मशीनचा पाइप ज्या नळाला लावलेला असतो तो पूर्ण उघडा आहे ना? सिंकखाली डबे, पिशव्या, रद्दी काय काय कोंबलेलं असतं, ते काढता-ठेवताना कॉक अर्धवट बंद होतो. पाइप कुठे मुडपलाय का तेही बघायचं. अंधेरीत आमच्या एका मैत्रिणीने मशीनमागची जाळी-जळमटं काढली, मशीन परत भिंतीला ढकललं, आणि मागे पाइप दुमडून बसला. दोन दिवस कुणाला कळलं नाही. बिचारीने कामच चांगलं केलं होतं.

त्याच्या पुढची जागा फार महत्त्वाची आहे. पाइप जिथे कॉकला किंवा मशीनला जोडतात तिथे आत एक बारीक जाळी असते, चहाच्या गाळणीपेक्षाही बारीक. गच्चीवरची टाकी धुतली, किंवा पाइपलाइनच्या दुरुस्तीसाठी पालिकेने एक दिवस पाणी बंद ठेवलं, की पुन्हा पाणी येताना गाळ, गंज, शेवाळ घेऊन येतं. सिंकच्या नळातून ते वाहून जातं. या जाळीत मात्र अडकून बसतं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर पांढरा थरही धरतो. जाळी साफ करायला जुना टूथब्रश पुरतो. पण आधी मशीनचं बटण बंद करून प्लग काढायचा, मग कॉक बंद करायचा, खाली पातेलं ठेवायचं, मग पाइप सोडवायचा. आणि हे सगळं मालकिणीला विचारून, तिच्यासमोर. आपल्या मनाने करायचं नाही. एक खूण लक्षात ठेवा. काही पाइपांच्या कॉककडच्या टोकाला जाडजूड डबी असते. तिच्यात विजेचा व्हॉल्व्ह असतो. ती डबी पाण्यात बुडवायची नाही आणि तो पाइप कापायचा तर मुळीच नाही.

एवढं केलं आणि तरी मशीन भरत नसेल, तर मग नळाचं पाणीच बघायचं. इथे शहराची गोष्ट थोडी सांगावी लागेल.

मुंबईला सात तलावांचं पाणी येतं. त्यातले विहार आणि तुळशी हे दोनच मुंबईच्या हद्दीत, अनुक्रमे 1860 आणि 1879 सालचे. बाकीचं लांबून येतं. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत, हे शहापूरच्या मैत्रिणींना आम्ही काय सांगणार! तुमच्या डोळ्यांदेखत ते पाणी मोठ्या पाइपातून निघून जातं आणि एप्रिल-मे महिन्यात तुमच्याकडच्या पाड्यांवर टँकरची वाट बघत बाया उन्हात बसतात. मशीनला एक बादली मिळाली नाही म्हणून इथे घर डोक्यावर घेतात तेव्हा आम्हाला ते आठवतं. असो. ते पाणी भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होऊन उपनगरांत येतं. पण दिवसभर नाही, ठरलेल्या वेळेला काही तासच. ते इमारतीच्या खालच्या टाकीत साठतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून घराघरांत उतरतं. बऱ्याच सोसायट्यांत वॉचमन गच्चीवरचा व्हॉल्व्ह सकाळ-संध्याकाळच उघडतो. बोरिवलीच्या एका घरात मशीन रोज दुपारी अडीचला रुसायचं. तिथल्या बाईने वॉचमनला विचारलं, तर पाणी अकराला बंद होतं म्हणाला. सिंकच्या नळाला थोडं पाणी यायचं ते पाइपात उरलेलं. त्या घरात मेकॅनिक दोनदा येऊन गेला होता.

आणि पाणी आहे पण जोर नाही, हा सगळ्यात फसवा प्रकार. तुमच्या गावात नळपाणी योजनेची टाकी टेकाडावर असते. खालच्या आळीत धार जोरात, आणि टाकीच्या शेजारच्या घरात करंगळीएवढी. टाकी जवळ आहे म्हणून जोर जास्त, असं नसतं. पाणी जेवढ्या उंचीवरून पडतं तेवढा त्याला जोर. तेहतीस फूट उंचीवरून उतरलेल्या पाण्याचा जो दाब होतो त्याला साधारण एक बार म्हणतात. पुष्कळ मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, की निदान अर्धा बार दाब हवा, म्हणजे सोळा-सतरा फूट. काही मशीनना त्याहून कमी चालतो.

आता वरच्या मजल्याचा हिशेब करा. मजल्याची उंची दहा फूट. गच्चीवर टाकीचा तळ पाच फूट वर धरा. मशीनचा कॉक जमिनीपासून दीड फुटावर. झाले साडेतेरा फूट. टाकी भरलेली असेल तर त्यातल्या पाण्याची उंची मिळून कसेबसे सतरा होतात. सकाळी मशीन चालतं. दुपारी टाकी अर्ध्यावर आली की थांबतं. एक मजला खाली उतरलं की दहा फूट वाढले, तिथे काही त्रास नाही. घाटकोपरच्या जुन्या घरांत तर आणखी एक घोळ दिसतो. माळ्यावर प्लास्टिकची छोटी टाकी असते आणि स्वयंपाकघराचं पाणी तिच्यातून येतं. ती टाकी कॉकपासून पाच-सहा फुटांवर. तिच्यावर हे मशीन चालणं अवघडच.

दाब मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही, पण बादली आहे. मशीनचा पाइप सोडवून त्याच कॉकखाली दहा लिटरची बादली धरायची आणि घड्याळ बघायचं. मिनिटभरात बादली भरली तर पाणी ठीक आहे. दोन मिनिटं लागली तर मशीनला दोष देऊ नये. सिंकच्या नळाने मोजायचं नाही, त्याची लाइन वेगळी असू शकते.

आमच्या त्या ताईंनी मॅडमना आधी जाळी दाखवली. इमारतीची टाकी आदल्याच दिवशी धुतली होती, जाळीत चिखल होता. साफ केल्यावर मशीन चाललं. सगळे खूश. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा नळाचं चिन्ह. तेव्हा बादली लावली. सव्वादोन मिनिटं. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमच्याच गटातली दुसरी ताई काम करते, तिने तिथे मोजलं तर मिनिटाच्या आत. दोघींनी वेळ कागदावर लिहून मॅडमच्या हातात दिली. साहेबांनी तो कागद सोसायटीच्या प्लंबरला दाखवला आणि टाकीतून त्यांच्या घरात येणाऱ्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसला. हा पंप टाकीनंतरच्या लाइनवरच बसवायचा असतो. पालिकेच्या नळाला थेट पंप लावणं नियमाविरुद्ध आहे, कारण तो शेजारच्यांचं पाणी ओढतो.

पगार पूर्ण मिळाला. मॅडम चुकलं असं काही म्हणाल्या नाहीत. ताई म्हणतात, नको, पैसे दिले ना.

दोन प्रकार असे आहेत की तिथे आपण हात लावायचा नाही. पाणी आत येताना ऐकू येतं आणि लगेच निघूनही जातं, असं असेल तर सांडपाण्याचा पाइप खाली लोंबत असतो. त्याचं टोक जमिनीपासून हातभर तरी वर असावं लागतं. ते प्लंबरकडून करून घ्यायचं. दुसरं म्हणजे, बटण बंद केलं तरी मशीन सारखं पाणी उपसल्यासारखा आवाज करतं आणि भरत मात्र नाही. तेव्हा मशीनच्या पोटात कुठेतरी गळती होऊन तळाच्या तबकात पाणी साठलेलं असतं. तिथे एक तरंगणारा तुकडा असतो, तो वर उचलला गेला की मशीन पाणी घेणंच बंद करतं, घर भिजू नये म्हणून. अशा वेळी प्लग काढा, कॉक बंद करा आणि मेकॅनिकला बोलवायला सांगा. ओल्या हाताने प्लग धरू नका.

मेकॅनिकला फोन मालकीण करेल. पण काय सांगायचं ते तिला तुम्ही सांगू शकता: चिन्ह कोणतं आलं, कितव्या मिनिटाला आलं, दिवसाची वेळ कोणती, टाकी कधी धुतली, बादली किती वेळात भरली. आमच्या गटातल्या बाया आता हे वहीत लिहून ठेवतात, बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर.

पुढच्या वेळी गॅसची नळी आणि रेग्युलेटर याबद्दल बोलू. नमस्कार.