दंड दुखला नाही म्हणून चोरी सापडली



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा आणि हुमणी याविषयी लिहितो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. पावसाळा तोंडावर आला की साठीच्या पुढच्या माणसांनी, तसेच दम्याच्या व मधुमेहाच्या रोग्यांनी फ्ल्यूची लस टोचून घ्यावी, असे डॉक्टर मंडळी सांगतात. (साखर कारखान्याच्या अंकात मधुमेहाचे नाव काढणे बरे दिसत नाही, पण आजार आहे तो आहे.) गटांत फिरताना मात्र बांधावर वेगळेच ऐकू येते. "साहेब, गेल्या साली सुई घेतली आन् दोन दिवस अंगात कणकण, हात वर उचलंना. धडधाकट माणसाला आजारी पाडायची सुई घ्यायची कशाला?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी मुंबईच्या कांदिवलीत घडलेली एक हकिकत सांगतो. आपल्या भागातील कितीतरी घरची मुले तिकडे कांदिवली-बोरिवलीला नोकरीधंद्यानिमित्त राहतात, तेव्हा काहींच्या कानावर ती आलीही असेल.

साल २०२१. कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरू लागली होती. लसीसाठी लोक रांगा लावीत होते, तरी लस मिळत नव्हती. अशा वेळी कांदिवली पश्चिमेच्या हिरानंदानी हेरिटेज या सोसायटीत ३० मे रोजी खाजगी लसीकरण शिबिर भरले. कोविशिल्ड म्हणून सुमारे ३९० रहिवाशांना सुया टोचण्यात आल्या. दर माणशी १,२६० रुपये. टोचताना कोणी फोटो काढायचा नाही अशी ताकीद होती. सगळे कसे झटपट पार पडले.

दोन-चार दिवसांनी रहिवासी एकमेकांना विचारू लागले, "तुम्हाला ताप आला का हो?" कोणाला ताप नाही, दंड दुखत नाही, डोके नाही की अंग नाही! कोविशिल्ड घेतलेल्या निम्म्याहून अधिक लोकांना टोचलेली जागा दुखणे, थकवा, डोकेदुखी असा काही ना काही त्रास एक-दोन दिवस होतो, हे तोवर सर्वांना पाठ झाले होते. मग ३९० माणसांत एकालाही कसे काही होत नाही? पुढे प्रमाणपत्रे आली ती निरनिराळ्या रुग्णालयांच्या नावांनी, आणि विचारणा केल्यावर त्या रुग्णालयांनी कानावर हात ठेवले. रहिवाशांनी पोलिसांत तक्रार केली, गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या. तपासात एकामागून एक तशीच शिबिरे उघडकीस आली. जून २०२१ मध्ये राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयाला सांगितले की शहरात अशी किमान नऊ शिबिरे झाली आणि २,०५३ लोक फसले. कुपीत सलाईनचे पाणी असावे असा संशय होता.

म्हणजे पाहा, ज्या दुखण्याला आपण नावे ठेवतो, ते झाले नाही म्हणून ही लबाडी सापडली.

आता हे दुखणे येते कोठून? गोठ्यातले उदाहरण घेऊ. लाळ्या-खुरकुताची लस टोचली की मानेवर कधी गाठ येते, गाय दिवसभर मलूल राहते, एक-दोन वेळचे दूध तुटते. म्हणून कोणी शहाणा माणूस लस टोचायची थांबवीत नाही. माणसाचेही तसेच. अंगातली राखण करणारी यंत्रणा परका माल आला म्हणून जागी होते, टोचलेल्या जागी रक्त धावते, जागा लाल होते, दुखते, अंग तापते. पुढे खरा रोग आला तर त्याला ओळखण्याची ही तालीम असते. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सारे निवळते.

हे आजचे नाही. मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा डॉ. हाफकिन यांनी आपली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, जागा दुखली. मगच त्यांनी ती भायखळ्याच्या तुरुंगातील स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. त्यांच्यावर आळही आला. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी ही लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांना काम सोडावे लागले. ती सगळी माणसे एकाच बाटलीतून टोचलेली होती आणि जंतू त्या बाटलीत शिरले होते, हे सिद्ध होऊन त्यांच्यावरील ठपका पुसला जायला पुढे कित्येक वर्षे गेली.

फ्ल्यूच्या लसीबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे, तो असा की सुईनेच फ्ल्यू होतो. दंडात टोचतात त्या लसीत विषाणू मारलेला असतो, बहुधा कोंबडीच्या अंड्यात वाढवून मारलेला. मेलेले बेणे उगवत नाही, तसा तो वाढूच शकत नाही. मग लसीनंतर आठवड्यात खरोखरच सर्दी-खोकला झाला तर? लस लागू पडायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेवढ्यात आजार गाठू शकतो. शिवाय साध्या सर्दीचे विषाणू वेगळे, त्यांवर ही लस चालत नाही. आणि फ्ल्यूचा विषाणू दरसाल रूप पालटतो, म्हणून लसही दरसाल बदलावी व घ्यावी लागते. २००९ मध्ये पुण्यात स्वाईन फ्ल्यूने जो हाहाकार उडवला, तो विषाणू आता दरवर्षीच्या फ्ल्यूतलाच एक होऊन बसला आहे.

कांदिवलीच्या हकिकतीवरून उलटा अर्थ मात्र कोणी काढू नये. आपल्याला काहीच झाले नाही, म्हणजे सुई खोटी, असे नव्हे. फ्ल्यूच्या खऱ्या लसीनंतरही पुष्कळांना काहीच त्रास होत नाही, आणि तरी लस लागू पडते. एकट्याच्या अंगावरून पारख होत नाही. शेकडो माणसांत एकालाही काही झाले नाही, तेव्हाच संशयाला जागा होती.

भारी त्रास होतच नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाईन फ्ल्यूची लस सुमारे साडेचार कोटी लोकांना टोचली, तेव्हा हातापायांतले बळ जाण्याचा एक आजार दर लाखामागे सुमारे एकाला अधिक झाला आणि ती मोहीम बंद करावी लागली. आजच्या लसींत हा धोका असला तर दहा लाखांत एक-दोन इतका समजतात. तेव्हा टोचल्यावर अर्धा तास तेथेच बसावे. तोंड सुजणे, अंगावर गांधी उठणे, धाप लागणे असे झाले तर जागीच डॉक्टरांना सांगावे. पुढे तीन दिवसांवर ताप राहिला किंवा पायांत मुंग्या येऊन चालताना बळ कमी वाटले, तर दवाखाना गाठावा. नुसता दंड दुखला तर थंड पाण्याची पट्टी आणि डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल पुरे.

कीटकनाशकाची बाटली घेताना आपण सील, बॅच नंबर, मुदत बघतो आणि पक्के बिल मागतो. सुईच्या वेळी आपण तोंड फिरवून डोळे मिटतो! लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. फ्ल्यूची लस गोठली तरी वाया जाते, म्हणून बर्फाला चिकटलेली किंवा मोटारसायकलच्या डिकीतून आणलेली घेऊ नये. ती कोठून काढली ते पाहावे, वेष्टनावरील नाव व मुदत वाचून घ्यावी, पावतीवर बॅच नंबर लिहून मागावा. फोटो काढू नका असे कोणी म्हटले तर तेथून उठावे.

लस पावसाच्या आधी दोन-तीन आठवडे, म्हणजे मेमध्ये घेतलेली बरी. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या लाईटवर दारे धरायची पाळी असेल, तर टोचणी दोन दिवस मागेपुढे करावी.